कॉफी कळकू नये म्हणून

"ताक पितळेत ठेवू नकोस, कळकेल." नाशिकच्या आमच्या घरात आजी हे वाक्य दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवायची. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट काही राहिलं की धातू त्यात उतरतो, हिरवट झाक येते, चव बिघडते आणि खाणाऱ्याला मळमळतं. भांडं अन्नात उतरतं, एवढंच सांगायला मराठीनं एक अख्खं क्रियापद राखलं आहे. तीच मराठी बोलणारे आपण रोज सकाळी वाफाळतं पाणी प्लॅस्टिकच्या टोपलीतून गाळून कॉफी पितो, आणि भांड्याबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. ते भांडं दिसायला स्वच्छ असतं, हिरवं पडत नाही, म्हणून कळकतही नसेल असं आपण धरून चालतो.

गेल्या हिवाळ्यात इथं परदेशात आमचं कॉफीचं यंत्र बिघडलं. नवं घेताना मी एकच अट ठेवली: गरम पाणी प्लॅस्टिकला लागता कामा नये. इतकी साधी अट पुरी व्हायला दोन महिने लागतील असं वाटलं नव्हतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं असायचं. झाकण उघडून आत हात घातला की कळायचं, स्टील म्हणजे बाहेरचा पत्रा. पाण्याची टाकी प्लॅस्टिकची, पाणी वर चढवणारी नळी सिलिकॉनची, पूड धरणारी टोपली प्लॅस्टिकची आणि काचेच्या भांड्यावरचं झाकणही प्लॅस्टिकचंच. दट्ट्या दाबायची काचेची भांडी पाहिली, तर बऱ्याचशांच्या झाकणाला आतून प्लॅस्टिकचा थर. १९३३पासून चालत आलेलं इटलीचं मोका पॉट बरंच साधं, पण ते मुळात ॲल्युमिनियमचं. काचेचं नरसाळं आणि त्याला लाकडी पट्टा असं केमेक्स १९४१मध्ये निघालं. ते खरंच प्लॅस्टिकमुक्त आहे. फक्त प्रत्येक वेळी कागद लागतो.

ही काळजी उगाच आहे का? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०२०मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाळबाटल्या तपासल्या. कॉफीयंत्रांच्या टोपल्या बहुधा ह्याच प्लॅस्टिकच्या असतात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सहा लाख सूक्ष्म कण सुटले. ९५ अंशांच्या पाण्यात तो आकडा साडेपाच कोटींवर गेला. बाटली तीच, प्लॅस्टिक तेच, बदललं ते फक्त तापमान. आणि कॉफी तर त्याच तापमानाला होते.

ह्या कणांनी शरीरात नेमकं काय होतं ह्याचा पक्का निकाल अजून लागलेला नाही. हे मी मान्य करते, कारण मला कुणाला घाबरवायचं नाही. पण आजीकडे तरी कुठला प्रयोगशाळेचा अहवाल होता? चव बिघडलेली कळत होती, तेवढ्यावर ती सावध झाली. इथं तर चवही बिघडत नाही, त्यामुळे सावध करणारं काहीच उरत नाही. 'बीपीए-मुक्त' ह्या शिक्क्यावर विसंबून राहणाऱ्यांना एवढंच सांगते, की तो शिक्का एका रसायनापुरता असतो. अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत ते नको, असा निर्णय युरोपीय संघानं २०२४च्या डिसेंबरात घेतला, ते चांगलंच झालं. पण त्याच्या जागी अनेक ठिकाणी त्याचंच भावंड वापरलं गेलं, आणि कण सुटण्याचा प्रश्न तर शिक्क्यानं सुटतच नाही.

माझ्या शोधाचं उत्तर शेवटी आईच्या फडताळात सापडलं. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला आणि त्याबरोबर बंगळूरकडची कितीतरी कुटुंबं नाशिक परिसरात आली. वडील तिथंच नोकरीला होते. शेजारच्या कानडी काकूंनी आईला कॉफीचा फिल्टर वापरायला शिकवलं. त्याआधी आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली आणि फडक्यातून गाळलेली. त्यातही प्लॅस्टिक नव्हतंच! काकूंचं बघून आईनं भांडी बाजारातून एक पितळी फिल्टर घेतला आणि दुकानदाराकडून त्यावर आपलं नाव घालून घेतलं. ते टिंबाटिंबांचं नाव आज बोटानं चाचपावं लागतं, इतकं घासलं गेलंय.

नाशिककरांना भांडी बाजार सांगायला नको. सराफ बाजारातून गोदेकडे उतरताना लागणारी ती अरुंद गल्ली, पूर आला की आधी पाण्यात जाणारी. २०१९च्या ऑगस्टातही गेली. शेजारी तांबट आळी. तिथल्या ठोक्यांचा आवाज लहानपणी लांबून यायचा. ह्या उन्हाळ्यात नाशिकला गेले तेव्हा तिथल्या दुकानदारांना म्हटलं, "काका, पितळी फिल्टर दाखवा." त्यांनी आधी विचारलं, "ताई, राहता कुठं? तिकडं कल्हईवाला आहे का?" मी नाही म्हणाले, तसा त्यांनी पितळी बाजूला सारला आणि स्टीलचा पुढे केला.

त्यांचं बरोबर होतं. कॉफी आम्लधर्मी असते आणि फिल्टरमध्ये अर्क तासन्‌तास पडून राहतो. कल्हई नसेल तर पितळेत ती कळकणारच. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा. जमिनीत भट्टी, भाता, तापलेल्या भांड्यावर नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं आतून एक झरझर हात, की काळं भांडं चांदीसारखं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून साध्या कोळशावर ते काम व्हायचं. तो माणूस आता नाशकातही शोधावा लागतो, इथं तर विसराच. हल्ली इथं कित्येक घरांत पितळी फिल्टर शोभेला म्हणून येतात आणि मग त्यात कॉफीही केली जाते. आत कल्हई आहे का, हे पाहिल्याशिवाय ते करू नये.

स्टीलच्या फिल्टरला ही अडचण नाही. त्यातल्या क्रोमियमचा अदृश्य थर स्वतःच कल्हईचं काम करतो. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं, दांडीची एक चकती आणि झाकण. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड, चकतीनं हलकं दाबायचं, उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट अर्क. वायर नाही, वॉशर नाही, बिघडायला काही नाही. धातूच्या गाळणीतून कॉफीतलं तेल खाली उतरतं, म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी काचेचं नरसाळं आणि कागद वापरावा. बाकीच्यांना हा फिल्टर पुरे. मला तो पाचशे रुपयांच्या आत मिळाला. दोन महिने मी जी यंत्रं उघडून पाहत होते, त्यांतलं एकही शंभर डॉलरच्या आत नव्हतं.

वेळ कुठे आहे, असं म्हणाल. रात्री झोपताना पाणी ओतून ठेवा, सकाळी फक्त दूध तापवायचं.

घरच्या कॉफीचं झालं, आता इथल्या आपल्या मराठी मंडळाबद्दल. गणपतीत आपण दीड-दोनशे माणसांची कॉफी करतो आणि कागदी कपांतून देतो. त्या कपांना आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीनं २०२१मध्ये दाखवलं, की ८५ ते ९० अंशांचं शंभर मिलिलिटर पेय अशा कपात पंधरा मिनिटं राहिलं तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. आरतीनंतर गप्पा मारत आपण कप धरून उभे राहतो ते साधारण तेवढाच वेळ. मुलंही त्याच कपांतून दूध पितात.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे. यंदा दोनशे स्टीलचे पेले घेऊया. डिसेंबरात जे नाशिकला, पुण्याला, कोल्हापूरला जाणार आहेत, त्यांनी दहा-दहा पेले बॅगेत आणावेत. वजन फार होत नाही. पेल्यांवर मंडळाचं नाव भांडी बाजारात घालून मिळेल. आणि कार्यक्रमानंतर ते धुवायला मी थांबेन.