रांग विकत मिळते, हक्काने का नाही?

संविधानाच्या अनुच्छेद 15(2) नुसार धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी कुणालाही अडवता येत नाही. या यादीत अपंगत्व नाही. ते संरक्षण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिले, आणि त्यात स्वमग्नता व मानसिक आजारही येतात.

थीम पार्कात काय दिसते? जादा पैसे भरून फास्ट ट्रॅकने पुढे जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. गर्दीत ज्याचा जीव घुसमटतो त्याने सवलत मागितली, की 'हा तर धडधाकट दिसतो!'

अमेरिकेत डिस्नेची पद्धत साधी आहे. रांगेइतकीच वाट पाहायची, पण रांगेबाहेर. दिलेल्या वेळी परत यायचे. कुणाचाही नंबर जात नाही. 2024 मध्ये त्यांनीही ही सोय स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती आवळली. आम्हाला हे मान्य नाही.

त्याच वर्षी राजीव रतुडी प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक हवेत असे बजावले. केंद्र सरकारने त्या निकषांत रॅम्प-लिफ्टसोबत रांगही घालावी. मेहेरबानी आम्ही मागतच नाही.