घोरपड जंगलात नाही, आपल्या धुऱ्यावर राहते

मागच्या महिन्यात चाकूर तालुक्यात एका नातेवाइकाच्या रानात गेलो होतो. हरभऱ्याची रास झाली होती आणि शेजारच्या रानात जेसीबी लागला होता. धुरा काढला की सोयाबीनची दोन तासं वाढतात, हा हिशोब. धुऱ्यावरचं जुनं वारूळ फुटलं आणि आतून घोरपड निघाली. एका पोरानं लगेच काठी उचलली. "लई इखारी असतंय ते दादा, फुंकर लागली तर माणूस सुजतंय!" त्याला थांबवलं. घोरपड बाभळीच्या फासाट्याखाली गेली. काठी टाकून तोच पोरगा म्हणाला, "पर आता ती जाणार कुठं?"

मित्रांनो, या प्रश्नासाठीच ही पोस्ट.

आधी गैरसमज. घोरपडीच्या फुंकरीनं काही होत नाही. माणूस मरेल असं विष तिच्यात नाही. कोंडीत सापडली तर चावेल, शेपटीचा फटका देईल, पण वाट मिळाली तर पळूनच जाते. लोक जिला 'चंदनघोरपड' म्हणून जास्त घाबरतात ती बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांचं पिल्लूच असतं. खाते काय? किडे, भुंगेरे, खेकडे, उंदीर, साप, अंडी. कधी कोंबडीचं पिल्लूही उचलते, हे खोटं कशाला बोलायचं? पण उंदरांसाठी आपण औषधावर जो पैसा घालतो, त्यातलं थोडं काम ती फुकटात करते.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घोरपड आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. मारली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. तरीही मांसासाठी, तेलासाठी ती मारली जातेच. आणि 'हाथाजोडी'! पैसा टिकतो म्हणून लोक जे 'मूळ' शेंदरात ठेवून पूजतात, ते झाडाचं मूळ नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे २०१७ च्या तपासात जगासमोर आलं. शिकलेली माणसंही ते ऑनलाइन मागवत होती.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्याच्या हातात दिमडी असते. तिला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. आता बकऱ्याचं लावतात, दिमडी वाजायची थांबली नाही. म्हणजे बदलायचं ठरवलं तर बदलता येतं.

पण माझं म्हणणं शिकारीपुरतं नाही. नांदेडला निदान किनवटचं जंगल आहे, पैनगंगा अभयारण्य आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. मग इथली घोरपड राहते कुठं? धुऱ्यावर, ओढ्याच्या काठावर, पाझर तलावाच्या दगडांत, गायरानात. पावसाळ्यात ती बिळात किंवा वारुळात वीस-पंचवीस अंडी घालते आणि ती फुटायला सहा-आठ महिने लागतात. म्हणजे सोयाबीन निघून हरभऱ्याची रास होईपर्यंत पिल्लं मातीतच असतात. नेमका तेव्हाच आपला जेसीबी येतो. त्यात कुणी काठी उचलत नाही, गुन्हाही नोंद होत नाही. पण घोरपडीची एक पिढी जाते.

राहिलं गायरान. गायरान म्हणजे 'पडीक, बिनकामाची जमीन' असं कागदोपत्री धरलं जातं. सौर प्रकल्प आला, द्या गायरान. गोदाम आलं, द्या गायरान. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यात ज्या गरिबांनी गायरान कसून पोट भरलं, त्यांच्याकडे माझं बोट नाही. त्यांचा हक्क त्यांना मिळालाच पाहिजे. माझा सवाल मोठ्या प्रकल्पांना जमीन देताना तिथं काय जगतंय हे कुणीच बघत नाही, याबद्दल आहे.

खरं तर बघायची सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: आपल्या गावची नोंदवही दाखवा. त्यात घोरपड आहे का? ज्या गायरानाचा ठराव घेताय, त्याचं नाव आहे का?

आणि शेतकरी भावांनो, सगळा धुरा ठेवा असं म्हणत नाही. वारूळ असलेला चार हातांचा तुकडा सोडा. दोन तासांनी कुणी श्रीमंत झालेलं मी तरी बघितलं नाही. घरात घोरपड शिरली तर काठी न घेता वन विभागाच्या १९२६ वर फोन लावा.

त्या पोराला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर गावानं द्यायचंय. पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर.