दोरीवर दंड लावणाऱ्या सोसायट्यांना जाहीर सवाल



पुण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात सत्तरी ओलांडलेल्या आजींना ५०० रुपये दंड झाला. गुन्हा काय, तर गॅलरीतल्या दोरीवर नातवाची दुपटी वाळत घातली. सिक्युरिटीवाल्याने खालून फोटो काढला, तो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि दंड मेन्टेनन्सच्या बिलात चढला. कारण लिहिलं होतं: इमारतीची शोभा.

उन्हाळे तापलेत, पावसाचा नेम राहिलेला नाही, हे पटवायला हे पत्रक काढलेलं नाही. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. घरांनी वीज वाचवावी, यावर भाषणंही रग्गड झाली. आमचं म्हणणं एवढंच, की जे घर वीज वाचवतंय त्यालाच तुम्ही दंड करता!

दोरी काढायला लावली की ज्याला परवडतं तो ड्रायर आणतो. साध्या ड्रायरला एका खेपेला साधारण ३ युनिट वीज लागते. तेवढ्यात ७५ वॉटचा पंखा ४० तास फिरतो. आपली बहुतेक वीज अजून कोळशावरच होते, युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आठवड्याला तीन खेपा धरा. एका घराचे वर्षाला साडेचारशेहून जास्त युनिट आणि तीनशे किलोंच्या वर वायू. हा वायू पावसाने धुऊन जात नाही. त्यातला बराचसा शतकानुशतकं वर राहतो आणि जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. चारशे फ्लॅटपैकी निम्म्यांनी ड्रायर घेतले तर वर्षाला साठ टनांच्या वर. कशासाठी? टॉवेल वाळवायला. तेही या गावात, जिथे मे महिन्यात सुती साडी बघता बघता कडकडीत वाळते.

शिवाय ड्रायरची उष्णता फ्लॅटमध्येच कोंडते, मग एसी लागतो. बाहेर फुकटचं ऊन, आत विकतचं ऊन, आणि ते घालवायला पुन्हा वीज. हा शुद्ध मूर्खपणा आहे.

ज्यांना ड्रायर परवडत नाही त्यांना तर कुणी विचारतच नाही. वन बीएचकेच्या हॉलमध्ये स्टँड मांडायचा, शाळेच्या गणवेशाला कुबट वास, सोफ्यामागच्या भिंतीला बुरशी. गच्ची आहे, पण तिला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे.

म्हणे फ्लॅटचे भाव पडतात. कपडे धुणारी माणसं राहतात हे कळल्याने ज्या घराचा भाव पडतो, ते घर तुम्ही कुणासाठी बांधलंत? दुसरं म्हणे, परदेशात असं चालत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या कायद्यानुसार कपडे वाळत घालायच्या दोरीवर बंदी घालता येत नाही. सौर पॅनेलला जे संरक्षण, तेच दोरीला. नक्कल करायची तर ही करा.

आणि ते नेहमीचं: एका दोरीने काय होणार, आधी कारखान्यांना सांगा. कारखान्यांना सांगायलाच हवं, आम्ही सांगतोही. पण औष्णिक केंद्रातली वीज येते ती तुमच्या-आमच्या मीटरमध्येच. दंड लावताना एक दोरी तुम्हाला मोठी वाटते, वीज मोजताना मात्र ती क्षुल्लक कशी होते?

खालच्या घरात पाणी ठिबकतं, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर साधा नियम पुरे: कपडे पिळून, कठड्याच्या आतल्या दांडीवर घालावेत. भर पावसाळ्यात किंवा घरात आजारी माणूस असताना कुणी ड्रायर लावला तर आमचा आक्षेप नाही. आक्षेप बंदीला आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास समितीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावीच लागते. रहिवाशांनो, सह्या गोळा करा. ठरावात तीन गोष्टी घाला: वाळत घालण्यावरची बंदी रद्द, आजवर घेतलेला दंड परत, आणि गच्चीवर सगळ्यांसाठी तारा. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, सकाळी सात ते संध्याकाळी सहा.