आधी रात्रीचा बंदोबस्त करा

येडशी, रामलिंग आणि बालाघाटाच्या डोंगररांगेतील समस्त ग्रामस्थ, शेतकरी, गुराखी व भाविक यांस, तसेच संबंधित सरकारी अंमलदारांस जाहीर पत्रक

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंगघाट अभयारण्यात वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघाची छबी उमटली, आणि ज्या मुलखातील दोन पिढ्यांनी वाघ पाहिला तो केवळ सर्कशीत किंवा चित्रात, त्या मुलखातील प्रत्येक पार आणि प्रत्येक चहाचे हॉटेल एका रात्रीत शिकारखान्याची कचेरी होऊन बसले. अंगावरील पट्ट्यांची ताडणी झाली तेव्हा हा तरुण नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटरची वाट त्याने नद्या, रेल्वेचे रूळ, कपाशीची शिवारे आणि शेकडो गावांच्या पांढऱ्या ओलांडून तुडविली. त्या वाटेवर हजारो माणसे आखाड्यावर उघड्यावर निजलेली होती, त्यांपैकी बहुतेकांना आपल्या उशापासून काय निघून गेले याची वार्ताही लागली नाही. या एका गोष्टीचा जो शांतपणे विचार करील त्याला पुढील मजकूर पटण्यास अडचण पडणार नाही.

या प्रकरणी आपल्यामध्ये दोन पक्ष पडले आहेत आणि दोन्ही पक्ष चुकीच्या दिशेने ओरडत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, वाघ धरा, न्या, आणि धरता येत नसेल तर मारा. मारण्याविषयी कायदा स्वच्छ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ अन्वये असा हुकूम केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तोही जनावर मानवी जीवितास घातक ठरले आहे व त्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्यावर, कारणे लेखी नमूद करून. येडशीच्या वाघाने त्या पहिल्या हिवाळ्यात बार्शीकडील आणि आपल्याकडील शिवारांत गुरे मारली. माणसाच्या वाटेस तो गेला नाही. राहिला प्रश्न धरण्याचा. जानेवारी २०२५ पासून त्यास बेशुद्ध करून सह्याद्रीच्या व्याघ्र प्रकल्पात नेण्याची मोहीम निघाली, ताडोब्याकडील पथक आले, पुण्याकडील आले, गाड्या फिरल्या, सापळे लागले, आणि आठवड्यांमागून आठवडे लोटले तरी वाघ आपला या ओढ्यातून त्या ओढ्यात. पथकांनी कसूर केली असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा संचार तीन-चार तालुक्यांत आहे आणि जो दिवसा दडून राहतो, त्याच्यावर बेशुद्धीचा बाण नेमक्या अंतरावरून टाकणे हे काम चावडीवर बसून वाटते तितके सोपे नाही, एवढेच आमचे म्हणणे.

धरपकडीचे फलित काय होते याचा दाखलाही महाराष्ट्राच्या दप्तरात आहे. जुन्नर भागात उसात राहणारे बिबटे २००१ पासून पुढे दोन-तीन वर्षे पिंजरे लावून मोठ्या संख्येने पकडले गेले आणि जंगलांत नेऊन सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, जेथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत तेथे ते सतरांवर गेले. म्हणजे उपाय केला आणि रोग चौपट झाला! पांढरकवड्याच्या वाघिणीचे प्रकरण तर सर्वांच्या स्मरणात आहेच. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडलेले, म्हणून ती धरण्याची निकड खरी होती हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या मोहिमेत हत्ती आणले, आकाशातून टेहळणी झाली, विलायती अत्तरही शिंपडून पाहिले, आणि अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने पडण्यापूर्वीच, मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती साखळी तोडून निघाला आणि त्याने एका निरपराध बाईचा जीव घेतला. माणसांच्या रक्षणार्थ निघालेल्या लवाजम्याने माणूस मारावा, याहून विचित्र हिशेब कोणता?

दुसरा पक्ष हौशी मंडळींचा. वाघ आल्याने गावाचे नाव झाले, या आनंदात ही मंडळी मोबाईल उगारून, दुचाकीवर तिघे बसून, मागाच्या मागे घाटात शिरतात, आणि ताज्या शिकारीजवळ उभे राहून छायाचित्र घेतात. अर्धवट खाल्लेल्या भक्ष्यावर वाघ पुन्हा येतो हे ज्यास ठाऊक नाही त्याने तेथे जाऊ नये, आणि ज्यास ठाऊक आहे त्याने तर मुळीच जाऊ नये. गर्दीने कोंडलेले जनावर निसटण्यासाठी वाट काढते, आणि ती वाट बहुधा गर्दीतील सर्वांत मागे राहिलेल्या पोराच्या अंगावरून जाते. ज्या रामलिंगाच्या स्थानी सीतेच्या रक्षणार्थ जटायूने देह ठेवला अशी आपली श्रद्धा आहे, तेथे येऊन आपण वानरांना पाकिटातील खाऊ चारतो आणि पत्रावळींचा ढीग करतो. त्या ढिगावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हा क्रम मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या वस्त्यांनी अनुभवलेला आहे. श्रावणी सोमवारच्या यात्रेनंतर तो आपल्या घाटातही घडू नये असे वाटत असेल तर झाडू आजच हाती घेतला पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अभयारण्याचे क्षेत्र अवघे बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. एका वाढत्या नर वाघाला ते पुरणार नाही, त्यामुळे तो शिवारात उतरणार, आणि हा गेला तरी दुसरा येणार. वाघ नसला तर बिबट्या आहेच: २०२० च्या हिवाळ्यात आष्टी-करमाळ्याच्या पट्ट्यात एका बिबट्याने किती घरांत आक्रोश माजविला होता, आणि डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्यास गोळी घालीपर्यंत परांड्याकडील लोकही कसे दिवस कंठीत होते, हे विसरण्याइतका काळ लोटलेला नाही. मग प्रश्न उरतो तो इतकाच की, वाघ-बिबट्याची आणि माणसाची गाठ पडते कधी? ही जनावरे मुख्यत्वे सांजवेळेपासून पहाटेपर्यंत फिरतात. आणि आपला शेतकरी रब्बीच्या ज्वारीला, हरभऱ्याला, उसाला पाणी कधी धरतो? ज्या आठवड्यात थ्री-फेज वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात मध्यरात्री, एकटा, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे घेऊन, दारे मोडण्यासाठी वाकलेला! उसाच्या कडेला वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याच्या नजरेला माणसाएवढा उंच दिसत नाही, शेळी-वासराएवढा दिसतो. अनेक अपघातांचे मूळ या एका आसनात आहे. ही वेळ शेतकऱ्याने निवडलेली नाही, ती त्याच्यावर वेळापत्रकाने लादलेली आहे. 'सायंकाळनंतर घराबाहेर पडू नये' असा फलक एका खात्याने लावायचा आणि 'वीज रात्री मिळेल' असे दुसऱ्याने कळवायचे, ही दोन फर्माने एकाच सरकारची आहेत हे ध्यानात घेतले म्हणजे आमचा संताप अस्थानी वाटणार नाही. २०१७ पासून शेतीला सौर वाहिनीवरून दिवसा वीज देण्याची योजना कागदावर आहे, तिचा दुसरा अवतारही २०२३ मध्ये निघाला. ज्या शिवारांत वाघाचे ठसे मिळाले आहेत त्या शिवारांचा क्रम त्या योजनेत पहिला लावण्यास अडचण कोणती, हे कोणी सांगेल काय?

ती वीज येईपर्यंत स्वस्थ बसून चालणार नाही. पाणी धरण्यास दोघांनी जावे, मोठ्याने बोलत, काठी आपटीत जावे. शेजारच्या शेताशी पाळी जुळवून घेतली तर सोबत फुकट मिळते. गुरे वळणाऱ्यांनी एकट्याने दरीत उतरू नये आणि सूर्य मावळतीला टेकण्यापूर्वी कळप रस्त्याला लावावा. गोठ्याला कूड पुरेसा नाही, वरून जाळी आणि मजबूत दार हवे, कारण बिबट्या भिंत सहज चढतो आणि दावणीला बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. वाघ समोर आलाच तर पाठ फिरवून धावू नये; त्याच्याकडे तोंड ठेवून, पोरांना मध्ये घेऊन, सावकाश मागे सरकावे. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास लाकूडतोडे डोक्याच्या मागील बाजूस माणसाचा मुखवटा बांधून जंगलात जात, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो. काही काळ या युक्तीचा उत्तम उपयोग झाला, पुढे वाघही शहाणे झाले असे म्हणतात. उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर उचलून गावात आणू नयेत, आई जवळच असते. आपल्याच भागातील जी कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि फडाशेजारी कोपीत लेकरे निजवितात, त्यांना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे; गावसभेत त्यांना बोलावून विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही. वेळ अमावास्येला, म्हणजे ऐन डिसेंबर-जानेवारीत, अवघी घरे रानात जेवायला जातात. ती प्रथा मोडू नये, परंतु दिवेलागणीपूर्वी लेकरांची मोजदाद करून परतावे.

जनावर मारले गेले तर संतापाच्या भरात मढ्यावर विष टाकणारे लोक आहेत. त्यांनी हे जाणावे की त्या विषाने आधी गावची कुत्री आणि गिधाडे मरतात, आणि वाघ मेला तर फौजदारी अंगावर येते. उलट मढे जागचे न हलविता अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनरक्षकास वर्दी द्यावी आणि पंचनामा करून घ्यावा. २०२३ च्या शासन निर्णयानुसार गाय, बैल किंवा म्हैस गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये यांतील कमी असेल ती रक्कम मिळते. माणूस गेल्यास वारसांस २५ लाख. वनखात्याचा मदतक्रमांक १९२६ आहे, तो प्रत्येक गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. भरपाईचे पैसे कचेरीत रेंगाळले की विषाची बाटली निघते, हे अंमलदारांनीही लक्षात घ्यावे.

सबब येडशी आणि पंचक्रोशीतील ग्रामपंचायतींस आमची विनंती अशी की, येत्या ग्रामसभेत वाघ पकडण्याचा ठराव मांडण्याऐवजी दोन ठराव मांडावेत: पहिला, रब्बी हंगामात घाटालगतच्या शेती वाहिन्यांना वीज दिवसाच मिळावी, दुसरा, गुरांच्या भरपाईचा निकाल तीस दिवसांत लागावा. ठरावांच्या प्रती वीज कंपनीच्या अभियंत्यांकडे, विभागीय वन अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे सरपंचांनी स्वतः न्याव्यात, आणि शिक्क्याची पोच घेतल्याखेरीज कचेरीतून उठू नये.