कवटीत नाही, बायोडेटात आहे

मागच्या महिन्यात संग्रामपुरात एक रिश्ता तुटला. मुलगा-मुलगी दोघं शिकलेले, दोन्ही घरं नमाजी. मध्यस्थ मी होतो. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "सर, वो लोग पिंजारी है ना? हमारा खून अलग है."

खून अलग! हे ऐकलं आणि मला इरावती कर्वे आठवल्या.

1905 साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्र शिकल्या आणि 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. तिथे गुरू मिळाला ऑयगेन फिशर. वंशांची सरमिसळ वाईट, असं मानणारा हा माणूस पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक जास्त, असा त्याचा कयास. बाईंनी युरोपातल्या आणि बाहेरच्या कवट्या मोजल्या. फरक सगळ्यांत निघाला, पण वंशाशी त्याचा संबंध निघाला नाही. परक्या मुलखात, गुरूची मर्जी सांभाळायची गरज असताना, त्यांनी निघालं तेच लिहिलं. गुण कमी मिळाले.

पुढे 1948 साली डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे मांडून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत.

मी बाईंचा भक्त नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावरही त्यांनी जातीजातींची मापं घेणं सोडलं नाही. त्यांच्या अभ्यासाच्या मध्यभागी हिंदू समाज आहे, आपण कडेला. पण मोजून जे खोटं ठरलं ते खोटं म्हणायची हिंमत त्यांच्यात होती. आपल्यात आहे का?

आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला तडवी राहतात, भिल्लही आणि मुसलमानही. आपल्यात देशमुख आहेत, बागवान, खाटीक, पिंजारी आहेत. यातले बहुतेक इथल्याच मातीतले. तरी जो तो अरबस्तानातून उतरलेला आजोबा शोधत बसतो. "तुम्ही बाहेरचे, चालते व्हा" म्हणणाऱ्यावर आपण चिडतो. पण आपला अशराफ तरी वेगळं काय सांगतो? दोघांचा सबक एकच आहे.

कोणी कुफूचा मसला काढेल. जरूर काढा. जुन्या किताबांत नसब आणि पेशा मोजलेला आहे, खरं आहे. पण कुफू पाहायचा तो मुलाचा, मुलीच्या हक्कासाठी. इथे नकार मुलाच्या बापाचा होता. त्याला कुफूची आड नाही, फक्त घमेंडीची आहे. आणि आखरी हजच्या खुतब्यात अरबाला गैरअरबावर बडेपण नाही असं सांगितलं गेलं, ते आपण जलशात ऐकतो, "सुबहानल्लाह" म्हणतो आणि घरी येऊन बिरादरी विचारतो.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. दोन वर्षांपूर्वी भाचीचा बायोडेटा मीच टाइप केला होता. "बिरादरी" हा रकाना मीच टाकला, मीच भरला. कोणी सांगितलंही नव्हतं.

आता धाकट्या भाचीची वेळ आली आहे. या बायोडेटात तो रकाना नसेल. ज्याला विचारायचं असेल त्याने माझ्या तोंडावर विचारावं.