बर्फाने खोदलेली तळी

सुट्टी लागली की आपली बरीच मंडळी गाड्या भरून न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात फिंगर लेक्स पाहायला जातात. म्हणून या खेपेस त्या मुलखाविषयी लिहीत आहोत.

मुलांनो, नकाशा उघडा. ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला ११ लांबट, अरुंद तळी दिसतील, हाताची बोटं पसरावीत तशी. सेनेका आणि कयुगा ही त्यांतली मोठी; नावं तिथल्या मूळच्या जमातींची. हिमयुगात कॅनडाकडून सुमारे मैलभर जाडीचा बर्फ सरकत आला, तोही एकदा नव्हे, अनेकदा. नद्यांची जुनी खोरी त्याने खरवडून खोल केली. वितळताना दक्षिणेच्या तोंडाशी दगडमाती टाकली, तिचा बांध झाला नि पाणी अडलं. ते आता उत्तरेकडून ऑन्टॅरिओत जातं. बाजूचे ओढे उंचावरच राहिले, म्हणून जिकडेतिकडे धबधबे. टॉगॅनॉक २१५ फुटांवरून पडतो, नायगाऱ्याहून उंच!

सेनेका ६१८ फूट खोल. तळ समुद्रसपाटीच्याही खाली. आमच्या कुलाबा जिल्ह्यातलं (आता रायगड म्हणतात) गावतळं उन्हाळ्यात आटायचं नि पावसाळ्यात पुन्हा भरायचं. इथे उलट. पाणी अफाट, बाहेरची वाट लहान. सेनेकातलं पाणी बदलायला सुमारे १८ वर्षं लागतात. खोल पाणी सहसा गोठत नाही, काठाला ऊब देतं, त्यावर द्राक्षमळे पिकतात. पण शेतातलं खत, गुरांचं शेण, मैल्याच्या टाक्यांची गळती, जे आत जातं तेही लवकर बाहेर पडत नाही.

२०१७ साली कयुगा आणि स्केनिॲटलिस तळ्यांत विषारी हिरवी साय दिसली. शेवाळ म्हणतात, खरे ते जिवाणू. स्केनिॲटलिसचं पाणी सिरॅक्यूज शहर १८९४ पासून पितं. इतकं निर्मळ, की औषध घालतात पण गाळत नाहीत. तिथेच ही तऱ्हा.

आता थोडं नर्सपण. आपल्या पिढीचा पाणी उकळण्यावर फार भरवसा. पटकी-टायफॉईडच्या दिवसांत त्याने जीव वाचले, आम्ही वॉर्डात पाहिलंय. या विषाला मात्र उकळणं लागू नाही. पाणी आटतं, विष उरतं! शहराच्या नळाचं पाणी तपासलेलं असतं, ते प्या; तळ्यातलं भरून आणून उकळू नका. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दिसला तर पोरांना उतरू देऊ नका, कुत्र्यालाही नाही, तो मेला अंग चाटतो. लागलंच तर स्वच्छ पाण्याने धुवा. उन्हाळा सरताना, वारा पडला की हे जास्त. राज्याचं पर्यावरण खातं त्याचा नकाशा देतं. निघण्याआधी नातवंडांकडून बघून घ्या.

धबधबे जरूर पाहा. गुडघे दुखणाऱ्यांनी टॉगॅनॉक वरच्या कठड्यावरून पाहावा, तिथवर गाडी जाते.