हा स्पष्टवक्तेपणा नव्हे



अमेरिकेतील दिवंगत रेडिओ निवेदक रश लिंबॉ यांना ‘स्पष्टवक्ते’ ठरवणारे गेल्या अंकातील पत्र मुळीच पटण्यासारखे नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या सँड्रा फ्लूक यांनी डेमोक्रॅटिक खासदारांपुढे साक्ष दिली. अंडाशयाच्या विकारावर त्यांच्या मैत्रिणीला गर्भनिरोधक गोळ्या लागत. विम्यातून त्या मिळेनात, पदरमोड परवडेना. शेवटी अंडाशय काढावे लागले. या दुखण्याकडे काणाडोळा करून लिंबॉ यांनी फ्लूक यांना वेश्या म्हटले, वर करदात्यांच्या पैशाचा कांगावा केला. वास्तविक त्या विम्याचे हप्ते विद्यार्थीच भरत होते.

जाहिरातदार पाठ फिरवू लागले, तेव्हा कुठे माफी आली.

२००६ मध्ये पार्किन्सनग्रस्त अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांच्या थरथरीचीही त्यांनी नक्कल केली होती. त्या पत्राखाली हे तपशील छापायला हवे होते.